गाठीविना येणारा कर्करोग : स्तन व गर्भाशयाच्या रोगाची काही असाधारण रूपे

काही वर्षांपूर्वी आरोग्यविषयक प्रचाराच्या निमित्ताने उत्तर गोव्यातील एका गावी महिला मंडळाच्या सभेला जाण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. देवळाच्या अग्रशाळेत पन्नास-साठ स्त्रिया जमल्या होत्या. डॉक्टरीण बाईंचे व्याख्यान झाले, पत्रके वाटण्यात आली आणि कोणाला काही विचारावयाचे असल्यास संकोच न करता विचारावे, असे आवाहन करण्यात आले. अशा सभांत नेहमी होते त्याप्रमाणे बराच वेळ कोणी बोलेना. अखेर मागच्या रांगेतून पंचेचाळिशीच्या एक बाई उठल्या आणि हातातील पत्रक वर धरून म्हणाल्या, "साहेब, हे तुमचे पत्रक माझ्या घरी भिंतीला लावलेले होते. ‘गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा’ असे त्यात लिहिले होते. मी आंघोळीच्या वेळी रोज हात लावून पाहत होते. गाठ नव्हती, म्हणून मी निश्चिंत होते."

त्यांच्या एका स्तनाग्रावर खरूज आल्यासारखी खपली धरत होती. ती कधी सुके, कधी ओली होई. खोबरेल तेल झाले, हळद झाली, औषधांच्या दुकानातील मलमे झाली. आठ महिने असे गेल्यावर एका वैद्यकीय तपासणीत त्या जागेचा बारीकसा तुकडा काढून पाहण्यात आला आणि तो कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, पुढील उपचारही झाले. बाई आमच्यासमोर उभ्या होत्या, यावरून उपचार वाया गेले नव्हते हे स्पष्टच होते; पण त्या आठ महिन्यांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. ते पत्रक प्रस्तुत लेखकाच्याच हातून लिहिले गेले होते. त्यातील एकही वाक्य खोटे नव्हते. तरीही त्या वाक्याने एका सावध स्त्रीला गाफील ठेवले होते.

पत्रकात जी जागा पुरत नाही ती लेखात मिळते. म्हणून स्तन आणि गर्भाशय यांच्या कर्करोगाची जी रूपे सर्वसाधारण वर्णनात बसत नाहीत, त्यांपैकी काहींचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे. ही प्रकरणे विरळ आहेत. परंतु ज्या घरात असे प्रकरण घडते त्या घराला ते विरळ असल्याचा काहीच दिलासा नसतो. उलट विरळ म्हणूनच ते उशिरा ओळखले जाते.

नियम काय सांगतो?

अपवाद समजण्यासाठी प्रथम नियम ठाऊक असावा लागतो. भारतातील स्त्रियांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आणि गर्भाशयमुखाचा दुसऱ्या क्रमांकावर आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडील स्त्रियांना स्तनाचा कर्करोग सुमारे एक दशक आधी होताना दिसतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

स्तनातील कर्करोग बहुतेक वेळा गाठीच्या रूपाने प्रकट होतो. ही गाठ प्रायः दुखत नाही, आणि न दुखणे हेच तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे कारण ठरते. गर्भाशयाचा कर्करोग बहुधा अवेळी होणाऱ्या रक्तस्रावाने आपली सूचना देतो. ही दोन लक्षणे प्रत्येक स्त्रीला ठाऊक असलीच पाहिजेत, आणि आजवरच्या प्रचाराचा रोख त्यांवरच राहिला हे योग्यच होते. परंतु ‘गाठ असेल तर रोग असू शकतो’ या विधानावरून ‘गाठ नसेल तर रोग नाही’ असा जो निष्कर्ष मन नकळत काढते, तो मात्र चुकीचा आहे.

स्तन : त्वचेवर उमटणारा रोग

वर उल्लेखिलेल्या बाईंना झालेल्या विकाराचे वर्णन दीडशे वर्षांपूर्वीच झालेले आहे. लंडनमधील विख्यात शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. स्तनाग्रावर इसबासारखा दिसणारा, हट्टी, कोणत्याही लेपाला न जुमानणारा विकार झालेल्या सुमारे पंधरा स्त्रिया त्यांच्या पाहण्यात आल्या होत्या. त्या सर्वांना पुढे दोन वर्षांच्या आत, आणि बहुतेकींना तर वर्षभरातच, त्याच स्तनात कर्करोग झाला, असे त्यांनी नोंदविले. हा विकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे एक ते तीन रुग्ण असतात.

साधे इसब आणि हा विकार यांतील भेद ओळखण्यास उपयोगी पडणाऱ्या काही खुणा आहेत. इसब पुष्कळदा दोन्ही बाजूंना होते. हा विकार जवळजवळ नेहमी एकाच बाजूला होतो. इसब स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळावर सुरू होऊन क्वचितच अग्रापर्यंत पोहोचते. हा विकार अग्रापासून सुरू होऊन बाहेर पसरतो. इसब मलमाने काही दिवसांत हटते. हा विकार थोडा निवळल्यासारखा वाटून पुन्हा उलटतो. अर्थात या खुणांवरून घरच्या घरी निदान करावयाचे नाही. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजेच बायोप्सी, हाच खात्रीचा मार्ग होय.

त्वचेवर उमटणारे दुसरे रूप याहून उग्र आहे. त्याला दाहक कर्करोग म्हणतात. यात पाहता पाहता, काही आठवड्यांतच, स्तन सुजतो, लाल होतो, हाताला ऊन लागतो, जड वाटतो, आणि त्वचेवर संत्र्याच्या सालीवर असतात तशी बारीक छिद्रे दिसू लागतात. हाताला स्वतंत्र गाठ पुष्कळदा लागतच नाही. त्वचेतील अतिसूक्ष्म लसवाहिन्यांत कर्कपेशी अडकून बसल्यामुळे हा दाहाचा देखावा निर्माण होतो. जंतूंचा त्यात संबंध नसतो. परंतु दिसायला ते अगदी गळवासारखे असल्याने जंतुनाशक गोळ्या दिल्या जातात आणि त्या संपल्यावर दुसऱ्या दिल्या जातात. गोळ्या देणे ही चूक नव्हे. कारण अशी लाली बहुतांशी जंतूंमुळेच येते. चूक होते ती त्या गोळ्यांनी आठ-दहा दिवसांत उतार पडला नाही, तरी पुढचा विचार न करण्यात. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी एक ते पाच जणींना हा प्रकार होतो, आणि तो वेगाने वाढणारा असल्याने येथे प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.

कधी कधी स्तन सर्वस्वी निर्दोष दिसतो आणि पहिली गाठ काखेत येते. काखेतील गाठ बहुधा हाताच्या जखमेमुळे किंवा अन्य किरकोळ कारणाने आलेली असते. आपल्या देशात क्षयरोगही तिचे एक कारण असते. तथापि ती टिकून राहिली, तर केवळ काख पाहून भागत नाही. स्तनात दडलेल्या आणि हाताला वा यंत्रालाही न सापडणाऱ्या अतिसूक्ष्म कर्करोगाची ती पहिली खूण असल्याची प्रकरणे वैद्यकीय वाङ्मयात शतकाहून अधिक काळ नोंदलेली आहेत. त्याचप्रमाणे दुधाच्या ग्रंथिकांत उगम पावणारा एक कर्करोग गाठ न करता नुसताच पसरत जातो. स्तनाचा एक भाग किंचित घट्ट, निबर झाल्यासारखा वाटतो, एवढेच. हा प्रकार मात्र फार विरळ नाही. दहा रुग्णांत एखादी तरी अशी असते.

अंगावर पिणारे मूल असताना

गर्भारपणात आणि मूल अंगावर पीत असताना स्तनात अनेक बदल होतात. दूध साकळते, गाठी येतात, जातात, कधी पू होतो. या गाठींपैकी बहुसंख्य निरुपद्रवी असतात. परंतु सुमारे तीन हजार गर्भारपणांत एकदा, गर्भवती वा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग झालेला आढळतो. येथे उशीर होण्याची कारणे सहज समजण्यासारखी आहेत. स्त्री तरुण असते, घरात आनंदाचे वातावरण असते, आणि ‘दुधाची गाठ आहे, शेकली की जाईल’ असे सांगणारी अनुभवी माणसे जवळ असतात. शेकावे, बाळाला पाजावे; पण दोन आठवड्यांत गाठ विरघळली नाही, तर मात्र तपासून घ्यावी. सोनोग्राफीने पोटातील गर्भाला वा अंगावरील बाळाला कोणताही अपाय होत नाही. रोग ठरलाच, तरी आई किंवा मूल यांतून एकाची निवड करावी लागेल अशी भीती बाळगण्याचे आता कारण नाही. शस्त्रक्रिया गर्भारपणातही करता येते, आणि पहिले तीन महिने उलटल्यानंतर काही औषधोपचारही देता येतात.

गर्भाशय : एक अवयव, अनेक रोग

आपल्या बोलण्यात ‘पिशवीचा कर्करोग’ असा एकच शब्द असतो. वस्तुतः पिशवीचे तोंड आणि पिशवीचा देह यांचे रोग निरनिराळे आहेत. मुखाचा कर्करोग प्रामुख्याने ह्युमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होतो. हा शोध लावल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. देहाच्या आतील अस्तराचा कर्करोग मुख्यत्वे संप्रेरकांच्या असमतोलाशी निगडित असून तो बहुधा पाळी गेल्यानंतर होतो. स्थूलता आणि मधुमेह ही त्याची सोबती होत. मुखाच्या तपासणीसाठी घेतलेला पॅप नमुना निर्दोष निघाला, म्हणजे संपूर्ण पिशवी निर्दोष आहे असे ठरत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर अंगावरून पुन्हा लाल गेले, मग ते एकदाच असो वा केवळ डागापुरते असो, ते तपासलेच पाहिजे. अशा शंभर स्त्रियांची तपासणी केली असता त्यांतील सुमारे नऊ जणींना अस्तराचा कर्करोग आढळतो. म्हणजे एक्याण्णव जणींना तो नसतो. परंतु आपण कोणत्या गटातील आहोत हे तपासणीवाचून कळत नाही. आमच्या खेड्यांतून ‘गेलेली पाळी परत आली’ असे म्हणून वृद्ध स्त्रिया हसून ही गोष्ट सोडून देतात. पाळी अशी परत येत नसते. फार उतारवयात पिशवीचे तोंड आकसलेले असल्यास रक्त बाहेर न येता आत साठते आणि केवळ दुर्गंधीयुक्त पाणी वा पू अंगावरून जातो. म्हणून ‘लाल नाही, पांढरेच आहे’ हेही उतारवयात समाधानाचे कारण नव्हे.

येथे एका योगायोगाचाही उल्लेख केला पाहिजे. स्तनाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षे दिले जाणारे टॅमॉक्सिफेन नावाचे औषध स्तनाचे रक्षण करते. पण पाळी गेलेल्या स्त्रियांत तेच औषध गर्भाशयाच्या अस्तराला उत्तेजित करून तेथील कर्करोगाचा संभव थोडा वाढविते. औषधाचा लाभ या धोक्यापेक्षा पुष्कळ मोठा असल्याने ते आपल्या मनाने बंद करू नये. मात्र ते चालू असताना रक्तस्राव झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावे.

गर्भाशयातील मांसल गाठी, ज्यांना फायब्रॉईड म्हणतात, त्या फार मोठ्या संख्येने स्त्रियांना असतात आणि बहुशः निरुपद्रवी असतात. फार थोड्या वेळा तशाच दिसणाऱ्या गाठीत सार्कोमा नावाचा दुर्मिळ कर्करोग दडलेला असतो. शस्त्रक्रियेपूर्वी तो ओळखणे कठीण असते. पोटाला लहान छिद्रे पाडून, यंत्राने गाठीचे तुकडे करून त्या बाहेर काढण्याची पद्धत रूढ झाल्यावर, दडलेला रोग पोटात विखुरला जाण्याचा धोका लक्षात आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली या यंत्राविषयी इशारा दिला. फायब्रॉईडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे साडेतीनशे स्त्रियांत एकीला असा दडलेला सार्कोमा असू शकतो, असा त्या वेळचा अंदाज होता. पाळी गेल्यानंतर अशा गाठी स्वाभाविकपणे आकसू लागतात. त्या वयात गाठ वाढत असल्यास ती गोष्ट शल्यचिकित्सकाला स्पष्टपणे सांगावी.

बाळंतपणानंतरचा एक विलक्षण रोग

कोरिओकार्सिनोमा हा रोग सर्व कर्करोगांत विलक्षण म्हटला पाहिजे. इतर कर्करोग रुग्णाच्या स्वतःच्या पेशींतून उद्भवतात. हा मात्र वारेच्या पेशींतून, म्हणजे गर्भाबरोबर निर्माण झालेल्या भागातून, उद्भवतो. द्राक्षगर्भानंतर तो अधिक होतो. क्वचित गर्भपातानंतर वा व्यवस्थित पार पडलेल्या बाळंतपणानंतरही होतो. रक्तस्राव थांबत नाही, आणि कधी कधी पोटाची काहीच तक्रार नसता खोकल्यातून रक्त पडू लागते. कारण हा रोग फुप्फुसाकडे त्वरेने धाव घेतो. तरुण स्त्रीला खोकल्यातून रक्त पडले की आपल्याकडे प्रथम क्षयाची शंका येते, आणि ती येणे योग्यही आहे. मात्र अशा स्त्रीला नजीकच्या काळात बाळंतपण वा गर्भपात झाला होता काय, हेही विचारले गेले पाहिजे.

१९५६ पूर्वी पसरलेल्या कोरिओकार्सिनोमातून रुग्ण क्वचितच वाचत असे. त्या वर्षी अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय संस्थेत मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट हे औषध देऊन फुप्फुसापर्यंत पसरलेला हा रोग नाहीसा करून दाखविला. घन स्वरूपाचा कर्करोग केवळ औषधाने बरा होऊ शकतो, हे यामुळे प्रथमच सिद्ध झाले. क्ष-किरण चित्रांतून रोग दिसेनासा झाल्यानंतरही लघवीतील एका संप्रेरकाचा अंश शिल्लक आहे, हे पाहून ली यांनी औषध चालूच ठेवले. हे आगळे वर्तन वरिष्ठांना रुचले नाही आणि त्यांना ती संस्था सोडावी लागली. पुढे त्यांचेच बरोबर होते हे दिसून आले. आज हा रोग वेळेवर ओळखल्यास बहुसंख्य स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात, आणि पुष्कळजणींना पुढे अपत्यप्राप्तीही होते.

ज्यांचे म्हणणे ऐकले गेले

असाधारण प्रकरणांचा इतिहास चाळताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. रोगाची पहिली जाणीव वैद्याला नव्हे, तर त्या स्त्रीला स्वतःला किंवा तिच्या आईला झालेली असते.

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांची एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीशी गाठ पडली. ती त्या वेळी निरोगी होती. पण आपल्या घराण्यातील अनेक माणसे आतड्याच्या, पोटाच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली, तेव्हा आपलाही अंत तसाच लवकर होणार, असे तिने सांगितले. वॉर्थिन यांनी ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी त्या घराण्याची वंशावळ लिहून काढली आणि १९१३ साली प्रसिद्ध केली. ती स्त्री पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगानेच मरण पावली. १९६६ पासून हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पाठपुरावा केला, आणि यामागे पेशीतील आनुवंशिक मजकुराच्या दुरुस्तीची जबाबदारी असलेल्या जनुकांचा दोष असल्याचे १९९० नंतरच्या दशकात उघड झाले. म्हणूनच आज तरुण वयात गर्भाशयाचा कर्करोग झालेल्या स्त्रीला तिच्या माहेरच्या माणसांना आतड्याचा कर्करोग झाला होता काय, असे विचारले जाते. स्तनाच्या बाबतीतही तसेच. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली सतराव्या गुणसूत्रावर ज्याचा माग काढला, त्या बीआरसीए-१ या जनुकातील दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. शंभरांत पाच ते दहा स्तन कर्करोग अशा आनुवंशिक दोषांमुळे होतात. घरातील आजारांची माहिती लपविण्याची आपली सवय येथे घातक ठरते.

१९५१ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची पाच मुलांची आई आली. आत काहीतरी गाठीसारखे आहे, असे तिने जवळच्या नातलग स्त्रियांना बऱ्याच आधी सांगितले होते. काही महिन्यांपूर्वीच तिचे बाळंतपण झाले होते, पण त्या वेळच्या नोंदींत कोणताही दोष लिहिलेला नव्हता. तिच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग इतका झपाट्याने वाढला की त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ती मृत्यू पावली. तिच्या संमतीवाचून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिल्या आणि ‘हेला’ या नावाने जगभर गेल्या. पोलिओच्या लशीपासून कितीतरी संशोधनांत त्या उपयोगी पडल्या. तिचा रोग मुखावरील नेहमीचा नसून ग्रंथींतून उद्भवणारा निराळा प्रकार होता, हे सुमारे वीस वर्षांनी नमुने पुन्हा तपासल्यावर ध्यानात आले. हा प्रकार मुखाच्या आत, वरच्या बाजूस असू शकतो, त्यामुळे साध्या तपासणीत तो हुलकावणी देतो.

तिसरे प्रकरण बॉस्टन शहरातील. १९६६ ते १९६९ या काळात तेथे पंधरा ते बावीस वर्षांच्या मुलींना योनिमार्गाचा एक असा कर्करोग झालेला आढळला, जो त्या वयात जवळजवळ होतच नसे. कारण उमगेना. त्यांपैकी एका मुलीच्या आईने डॉक्टरांना विचारले, "ही पोटात असताना मी जे औषध घेतले होते, त्याचा हा परिणाम नसेल ना?" प्रथम या शंकेला महत्त्व दिले गेले नाही. पुढची रुग्ण आली तेव्हा तोच प्रश्न तिच्या आईला विचारण्यात आला. १९७१ साली आर्थर हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ मुलींचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गर्भ टिकावा म्हणून डीईएस हे कृत्रिम संप्रेरक घेतले होते. त्या औषधाने गर्भ टिकण्यास काही मदत होत नाही, असे १९५३ सालीच दिसून आले होते, तरी ते दिले जात होते. त्याच वर्षाच्या अखेरीस गर्भवतींना ते देऊ नये असा इशारा अमेरिकेत देण्यात आला.

आपल्या भागातील प्रयत्न

दूरदेशीच्या या हकीकती वाचून आपल्याकडे काय करता येईल, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळाले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेला एक प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना अल्पकाळ प्रशिक्षण देण्यात आले, आणि त्यांनी निम्म्या वस्त्यांत गर्भाशयमुखावर सौम्य व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. बारा वर्षांत तपासणी झालेल्या गटातील या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच प्रयोगात हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नास वर्षांवरील स्त्रियांत स्तन कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाही. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, विषाणूची एकदाच केलेली चाचणीही मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणते, असे २००९ साली दिसून आले. या विषाणूविरुद्धची भारतीय बनावटीची लसही पुण्याहून २०२३ च्या जानेवारीत उपलब्ध झाली.

तपासणी आणि लस यांनी नेहमीचे रोग आटोक्यात येतील. परंतु ज्या रूपांचे वर्णन वर केले, त्यांतील बहुतेक रूपे अशा सरसकट तपासणीच्या जाळ्यातून निसटतात. तेथे एकच साधन उरते : स्त्रीने स्वतःच्या शरीरात पाहिलेला बदल, आणि तो ऐकून घेणारे माणूस.

वाचकांस विनंती

खालील गोष्टी घरातील प्रत्येक स्त्रीला वाचून दाखवाव्यात :

१. स्तनाग्रावरील एका बाजूची खपली, ओल किंवा जखम, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, अथवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, हे तीन आठवड्यांपेक्षा अधिक टिकल्यास दाखवावे.

२. स्तनाची लाली वा सूज औषधाने आठ-दहा दिवसांत उतरली नाही, तर पुन्हा त्याच गोळ्या न घेता बायोप्सीची गरज आहे काय, हे विचारावे.

३. अंगावर पाजत असताना आलेली गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर सोनोग्राफी करून घ्यावी.

४. पाळी गेल्यानंतर लाल गेल्यास, दोन पाळ्यांच्या मध्ये वा शरीरसंबंधानंतर रक्त गेल्यास, विलंब न लावता तपासून घ्यावे.

५. बाळंतपण, गर्भपात वा द्राक्षगर्भ यांनंतर रक्तस्राव लांबल्यास डॉक्टरांकडे जावे. द्राक्षगर्भ झाला असल्यास सांगितलेल्या मुदतीपर्यंत रक्ताच्या चाचण्या चुकवू नयेत.

६. माहेर आणि वडिलांकडील आजारांची माहिती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी.

ही लक्षणे असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. तपासणीचा हेतू भय वाढविणे हा नसून शंका मिटविणे हा आहे. घरातील पुरुषांनीही, ‘तुझे काहीतरीच’ असे म्हणण्यापूर्वी बॉस्टनच्या त्या आईची आठवण ठेवावी. महिला मंडळे, शिक्षिका, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतींच्या सदस्या यांनी हा विषय आपल्या बैठकांतून घेतल्यास अशा शंका वेळीच बोलल्या जातील.

त्या सभेनंतर प्रस्तुत लेखकाने जुन्या पत्रकाचा मसुदा पुन्हा हाती घेतला. ‘गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा’ ही ओळ काढली नाही, कारण ती आजही खरी आहे. तिच्याखाली आणखी एक ओळ घातली : ‘गाठ नसली, तरी पूर्वी नव्हते असे काही दिसले आणि ते तीन आठवड्यांत गेले नाही, तरीही दाखवा.’ ती ओळ वस्तुतः त्या बाईंची आहे. तिला भिंतीवर येण्यास आठ महिने उशीर झाला, एवढेच.